टू सम एक्स्टेंट

परवा नाशिकच्या बाजारात नागलीच्या ताज्या पिठाचा वास आला आणि सुरगाण्याकडच्या डोंगरउतारावरचं एक शेत आठवलं. तिथे मी वनरक्षक होतो. जंगलजमीन कसतो म्हणून त्या शेतकऱ्याचा नांगर मी तीनदा उचलून नेला. पंचनामा केला नाही, कारण ते तिन्ही नांगर माझ्या मेव्हण्याच्या मळ्यात गेले. पुढे वनहक्काचा कायदा आला. शेत जुनं ठरलं तर जमीन त्याच्या नावावर होणार होती. त्याने दावा केला आणि त्याच्या चौकशीला सगळे शाळेच्या ओल्या पडवीत जमले. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, "याचं शेत जुनं आहे का?" शेतकरी हसून म्हणाला, "यांनाच इचारा साहेब. माझा नांगर माझ्यापरीस यांच्याच खांद्यावर लय राह्यला." लोक हसले. मी हो म्हटलं असतं, तर जप्त केलेले नांगर कुठे आहेत, हाच पुढचा प्रश्न आला असता. "टू सम एक्स्टेंट, सर," मी म्हणालो. काही अंशी. साहेबांनी तेच लिहून घेतलं आणि दावा फेटाळला गेला. बाहेर शेतकऱ्याने विचारलं, "दादा, ते इंग्रजी काय बोलला? हो का नाय?" मी मोटारसायकल सुरू केली. आता त्या दाव्याची फेरतपासणी होते आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, या वयात कशाला? पेन्शन जाईल." जाऊ दे. शेत जुनंच होतं आणि तिथले नांगर मी चोरले, असं प्रतिज्ञापत्र मी काल देऊन आलो. खाली सही केली आहे, घरचा पत्ताही दिला आहे. कारवाई करायची असेल त्यांनी खुशाल यावं.