शेजारची लाल चौकट

राइमो तीहोनेनला माणसांची शिसारी होती असं नाही. माणसं जवळ आली की त्याला शिसारी यायची. लांबून तो सगळ्यांशी नीट वागायचा. बत्तीस वर्षं त्याने सरकारी मोजणीखात्यात जमिनी मोजल्या होत्या, तळ्याकाठच्या भावाभावांच्या हद्दी लावून दिल्या होत्या. दोघांच्या मध्ये एक खुंट नीट ठोकला की पुढची तीस वर्षं ते एकमेकांना लांबूनच हात करतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. आता निवृत्त होऊन तो वार्काउस नावाच्या लहानशा गावात एकटाच राहत होता. बायको केव्हाच काडीमोड घेऊन गेली होती आणि मुलगी मिन्ना ताम्पेरे शहरात होती. आठवड्यात त्याची चैन एकच, बुधवारी दुपारी एकचा सिनेमा.

गावात थिएटर एकच आहे, खुर्च्या एकशे ऐंशी. हान्नेले नावाची बाई ते चालवते. पॉपकॉर्नही तीच भरते आणि शो संपला की केरही तीच काढते. दोन वर्षांपूर्वी तिने तिकीटखिडकी बंद केली आणि यापुढे तिकीट फोनवरच मिळेल अशी पाटी लावली. राइमो आठ दिवस धुमसला. फोन ही वस्तूच त्याला मुळात किळसवाणी वाटायची. पडद्यावर एखादी आई पोराच्या मढ्यापाशी बसलेली असते आणि पुढच्या रांगेतला बहाद्दर मांडीवर उजेड पाडून सवलतीतले टायर बघत असतो. असल्यांना बर्फात उभं करावं, असं तो म्हणायचा.

पण मिन्ना आली, तिने जुना फोन फेकायला लावून नवा घेऊन दिला आणि त्यात थिएटरचा नकाशा उघडून दाखवला. राइमो बघतच राहिला. हॉलचा आराखडा, रांगा, क्रमांक, रिकामी खुर्ची हिरवी चौकट, विकलेली लाल. दोन बोटांनी ताणलं की मोठा होतो, बाजूला सरकवला की सरकतो. जन्मभर कागदावर, पावसात, डासांत जे केलं ते इथे कॉफी पिता पिता होत होतं. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी तो टेबलाशी बसायचा, नकाशा उघडायचा आणि अंगठ्याने सहाव्या रांगेतली आठ नंबरची चौकट लाल करायचा. मग बुधवारपर्यंत अधूनमधून उघडून बघायचा. बाकीच्या लाल चौकटी मागच्या रांगांमध्ये, दूर भिंतीकडेला उगवायच्या. गावातल्या लोकांना अजून रीतभात आहे, असं त्याला बरं वाटायचं.

बुधवारी तो साडेबाराला पोचायचा. जागेवर बसायचा आणि दिवे मालवले की आधी बूट काढायचा. मोजणीच्या काळातले जाड बूट, आत मेंढीची लोकर. ऑक्टोबर ते एप्रिल तेच पायात. बुटांसकट सिनेमा बघणं म्हणजे टोपी घालून जेवण्याइतकं असभ्य. लोकरी मोज्यांतले पाय पुढच्या खुर्चीखाली ताणले की त्याचा बुधवार सुरू व्हायचा.

जानेवारीतल्या एका मंगळवारी रात्रीच्या जेवणानंतर त्याने नकाशा उघडला, बंद केला आणि पुन्हा उघडला. आठच्या शेजारी, नऊ नंबरची चौकट लाल होती. एकशे ऐंशी खुर्च्यांपैकी एकशे सत्तर रिकाम्या असताना कुणीतरी नेमकी शेजारची घेतली होती.

नऊ नंबरवर आली ती इर्या मुस्तोनेन, शाळेच्या भटारखान्यातून निवृत्त झालेली, सत्तरीला टेकलेली बाई. ओली लोकरी टोपी तिने मांडीवर ठेवली, ती हीटरने वाफाळायला लागली. मग तिने कागदी पिशवीतून नवसागराच्या काळ्या गोळ्या काढल्या. आमच्याकडे लहानथोर सगळे त्या चघळतात, राइमोही एखादी खातो. पण ही बाई एकामागून एक चघळत होती आणि अंधारात कल्हईवाल्याच्या भट्टीसारखा वास सुटला होता. पडद्यावर कुणी शहाणपणाचं बोललं की ती श्वास आत ओढून ‘हो’ म्हणायची. आणि फोन? दर दहा मिनिटांनी मांडी उजळायची. बहीण मांजराचे फोटो पाठवत होती. राइमोने नको म्हटलं तरी मांजर त्याच्या डोळ्यांत घुसलं.

तुम्ही म्हणाल, उठून दुसरीकडे बसायचं. बसायचं कसं? तिकिटावर आठ लिहिलंय, तर आठ. आणि शेजारी येऊन बसलेल्या माणसापासून उठून जायचं म्हणजे त्याला तोंडावर सांगायचं की तुझा वास येतो. असलं वार्काउसमध्ये कुणी करत नाही. दोघं रिकाम्या हॉलच्या मधोमध खेटून बसले आणि अडीच तास कोपर आवरून धरलं.

पुढच्या रविवारी त्याने तिसरी रांग घेतली. मंगळवारी शेजारची लाल. त्याच्या पुढच्या आठवड्यात नववी रांग, अगदी भिंतीशी. मंगळवारी भिंत नसलेल्या बाजूची लाल. तीच टोपी, त्याच गोळ्या, तेच मांजर. राइमोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्याने मिन्नाला फोन केला.

“बाबा, ती मागे लागलीये तुझ्या,” मिन्ना हसत म्हणाली. “कॉफी तरी पाज बिचारीला.”

“मला ओकारी येते तिच्या शेजारी.”

“मग सांग की तिला.”

“काय सांगू?”

“बाई, मला ओकारी येते, असं सांग.”

“तुला सगळं हसण्यावारी न्यायचंय,” राइमो म्हणाला आणि फोन ठेवला.

सातव्या बुधवारी तो थिएटरमध्ये शिरतोय तोच हान्नेलेने त्याला पॉपकॉर्नच्या यंत्रामागे बोलावलं. तिचा चेहरा पडलेला होता.

“राइमो, रागावू नकोस. तुझ्याबद्दल तक्रार आलीये.”

“माझ्याबद्दल?”

“त्या इर्या म्हणतात, तू दर बुधवारी त्यांना चिकटून जागा घेतोस. हॉल मोकळा असतो आणि तू शेजारीच. त्यांना भीती वाटायला लागलीये. मला काहीतरी करावं लागेल बघ. बुधवार सोडून दुसऱ्या दिवशी येशील का?”

राइमोला पुढचं सगळं दिसलं. वीस हजारांच्या गावात एकटा राहणारा म्हातारा, अंधारात बायकांना चिकटून बसतो. उद्या दुकानात, परवा बँकेत, बत्तीस वर्षं ज्यांच्या हद्दी लावल्या त्यांच्या घराघरांत हे जाईल. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. त्याचा बुधवार जाणार होता आणि त्याबरोबर नावही. घाण वाटली त्याला, अंगावर कुणी खरकटं ओतावं तशी.

“बोलव तिला,” तो म्हणाला. “आत्ता. समोरासमोर होऊ दे.”

इर्या बाकावर बसून टोपी पिळत होती. ती आली. राइमोने फोन काउंटरवर ठेवला आणि हद्दीच्या भांडणात कागद मांडायचा तसं एकेक तिकीट उघडून दाखवलं. प्रत्येकावर तारीख आणि वेळ. रविवार, सहा वाजून दहा. रविवार, सहा वाजून चार. सातही रविवारची.

“आता तुमची दाखवा,” तो म्हणाला.

इर्याला आपली जुनी तिकिटं कुठे असतात तेच माहीत नव्हतं. हान्नेलेने शोधून दिली. सातही मंगळवारची.

“पण मी जागा निवडतच नाही,” इर्या म्हणाली. “मी नुसतं ‘पुढे’ दाबते. फोन देतो ती घेते. मला वाटलं माझा नंबर आला, मग तुम्ही बघून शेजारचा घेता.”

हान्नेलेने कपाळाला हात लावला. जो निवडत नाही त्याला तिकिटाचं यंत्र आपणहून सगळ्यात आधी तिकीट काढलेल्या माणसाला लागून बसवतं, मध्ये एकेकटी खुर्ची उरू नये म्हणून. हे यंत्र बसवणाऱ्या कंपनीने तिला सांगितलं होतं आणि ती विसरली होती. बुधवारच्या शोला पहिलं तिकीट राइमोचं. निवडायचं ठाऊक नसलेली गावात एकच बाई.

“म्हणजे कुणाचीच चूक नाही,” हान्नेले सुटकेने म्हणाली. “मिटलं. मी दोघांना कॉफी देते.”

इथे राइमोने थांबायला हवं होतं. सुटला होता, नाव धुऊन निघालं होतं. पण सहा आठवडे गिळलेलं सगळं घशाशी आलं आणि जिंकलेल्या माणसाला थांबता येत नाही.

“मिटलं कसं?” तो म्हणाला. “शेजारी येऊन कोण बसलं? मी की या? लोकांची अब्रू काढायच्या आधी स्वतःचा फोन वाचायला शिकावं माणसाने. सहा आठवडे मी ती ओली टोपी सोसली. ते मांजर सोसलं. आणि त्या गोळ्यांचा वास! ओकारी येते मला, बाई. खरंच येते.”

इर्याचे कान लाल झाले. तिने गोळ्यांची पिशवी कोटाच्या खिशात ढकलली.

“वास येतो का त्यांना?” ती म्हणाली. “मला कळत नाही. दोन वर्षांपूर्वी ताप आला होता, तेव्हापासून नाक गेलंय. जेवणाचीही चव नाही. या तेवढ्या जिभेला टोचतात, म्हणून खाते.”

राइमोने काउंटरवरचा फोन उचलून खिशात घातला.

“आणि सोसणंच काढलंत म्हणून सांगते,” इर्या म्हणाली. आवाज तिने चढवला नाही, भटारखान्यात मुलांना सांगावं तसं सांगितलं. “पहिल्या दिवशी मध्येच मी हात धुवायला गेले होते, तेव्हा दोन बायका मला म्हणाल्या, तुम्ही तिथे बसता कशा? आम्ही तर पाचव्या रांगेपासून नाक धरून जातो. तो बूट काढतो. मी म्हटलं, मला काही कळत नाही, म्हणून बसते. घरी गेल्यावर बहीण म्हणाली, कोट बाहेर टांग.”

पॉपकॉर्नचं यंत्र फटफट करत होतं. राइमोने हान्नेलेकडे पाहिलं. तो तिच्या तोंडून एक शब्द ऐकायला थांबला होता, नाही, असं काही नाही, एवढा एक. हान्नेले काउंटर पुसायला लागली, आधीच पुसलेला.

“बुधवारी संध्याकाळच्या शोआधी मी खिडक्या उघडते,” ती शेवटी म्हणाली. “थंडीत जरा त्रास होतो, पण उघडते.”

त्या दिवशी राइमोने सिनेमा पाहिला नाही. घरी येऊन त्याने बूट बाहेर काढले आणि दारातच उभं राहून नाकाशी नेले. त्याला लोकरीचा वास आला, चामड्याचा आला, आपला रोजचा वास. त्यात वाईट काय आहे ते त्याला कळेना. याचीच त्याला जास्त घाण वाटली. बूट त्याने कचऱ्याच्या पेटीत टाकले, मोजे टाकले आणि एरवी शनिवारी तापवायची वाफेची न्हाणी, सॉना, बुधवारीच तापवून कातडं सोलेपर्यंत पाय घासले.

रविवारी त्याने नवे बूट घालून, फीत आवळून, टेबलाशी बसून तिकीट काढलं. सहावी रांग, आठ. मंगळवारी रात्री त्याने नकाशा उघडला. हान्नेलेने इर्याला निवडायला शिकवलं असणार. एक लाल चौकट पार बाराव्या रांगेत होती, दाराशी. बाकीच्या नेहमीसारख्या मागे, भिंतीकडेला. त्याच्याभोवती चारही बाजूंनी पाच पाच खुर्च्या हिरव्या होत्या. तो मोजत बसला आणि मग त्याने मिन्नाला फोन लावला.

“काय झालं त्या बाईचं?” मिन्नाने विचारलं.

“आता लांब बसते.”

“चला, सुटलास.”

“मिन्ना,” राइमो म्हणाला, “लहानपणी आपण दर शनिवारी सिनेमाला जायचो. तेरा वर्षांची झालीस आणि यायची बंद झालीस. मैत्रिणींबरोबर जायचंय म्हणालीस.”

“बाबा, किती वर्षं झाली त्याला.”

“मैत्रिणींबरोबर गेलीस का कधी?”

 पलीकडे मिन्नाने भांडी धुण्याचं यंत्र बंद केलं.

“वर्गातल्या मुली आपल्या मागच्या रांगेत बसायच्या, बाबा,” मिन्ना म्हणाली.

“मला सांगायचंस.”

“आईने तरी सांगितलं का तुला? ती सरळ निघून गेली,” मिन्ना म्हणाली. “आपल्याकडे असलं कोण कुणाला सांगतं?”