काकीच्या ओट्याचे दगड

माण तालुक्यातली आमच्या गावची दगडी शाळा माझ्या आजोबांच्याही आधीची. फौजेतून रिटायर होऊन मी साताऱ्यात घर केलं, तरी शाळेला एक खोली वाढवायची ठरली तेव्हा गावानं मलाच पुढं घातलं. मीही लय ताठ्यात सांगून टाकलं, जुनं कुठं संपलं न् नवं कुठं सुरू झालं, हे कुणाला कळता कामा नये.

बोलून बसलो खरा. ट्रकातनं आलेला दगड निळाकाळा, जुन्या भिंतीला तांबूस झाक. शेजारी ठेवला की डोळ्यांत खुपायचा. जुनी खाण तर कधीच तलावाच्या पाण्याखाली गेलेली. तिथला दगड गावात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या चुलतीच्या दारात. चुलता त्या खाणीत पाथरवट होता. लग्नानंतर त्यानं स्वतः दगड घडवून तिला बसायला ओटा बांधून दिला होता. तो गेला, पोरं मुंबईला गेली, तरी काकीची संध्याकाळ त्या ओट्यावरच जायची.

तेच दगड मागायला मी गेलो. काकी ओट्यावरनं उठून बाजूला झाली, शाळेसाठी आहे तर ने म्हणाली. बदल्यात मी तिला फरशीचा झकास ओटा करून दिला आणि मोकळा झालो.

तिचे दगड नव्या दगडांत मिसळून लावले. तरी फरक दिसायचा. मग हट्टानं सगळ्यांवर छिन्नीनं पुन्हा एकसारखी टाकी मारून घेतली, वरनं गेरूचं पाणी पाजलं. भिंत अशी जुळली की काय सांगू! माझी छाती फुगली.

खोली उघडली त्या दिवशी काकी नवं लुगडं नेसून आली. गर्दी पांगल्यावर भिंतीवर हात फिरवत टोकापर्यंत गेली, तशीच परत आली. मग हळूच मला म्हणाली, "लेकरा, ह्यांचा दगड कोणचा रं? मला गावंना झालाय."

मलाही गावत नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी हाताशी आलेल्या दगडावर थाप मारून म्हणालो, "ह्यो बघ, काकी."

आता शाळा सुटली की काकी रोज तिथं येते आणि त्याच दगडाला पाठ टेकून बसते. तो चुलत्याचा की ट्रकातला, देव जाणे. मी गावी गेलो की मला शेजारी बसायला बोलावते. मी उभाच राहतो.