बाबांच्या डोक्याचं माप

मानेवरची गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मी तिशीत होते. थायरॉइड ग्रंथी काढून टाकली, रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी सुरू झाली आणि मी पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागले. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या घरात आई-बाबा आणि मी, तिघंच राहायचो. ताई लग्न होऊन जवळच्याच बेव्हर्ली पार्क वसाहतीत गेली होती. बोलायचं असलं की ती मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायची, मग मी लँडलाइनवरून फोन लावायचे.

काही वर्षांनी एका दुपारी असाच तिचा मिस्ड कॉल आला. फोन लावला तर हळूच म्हणाली, "अगं, छातीत गाठ लागतेय. आईला इतक्यात सांगू नकोस."

आईपासून काय लपणार! ताईचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि इकडे आई खचत गेली. तिची सख्खी बहीण स्तनाच्याच कॅन्सरने गेली होती. भेटायला येणारे नातेवाईक "तुमच्या माहेरचंच दिसतंय हे" असं सहज बोलून जायचे. एकदा मेथी निवडताना आई मला म्हणाली, "दोघींना अंगावर पाजलं मी. त्यातून तर नसेल ना गं गेलं?"

"काहीतरीच काय, आई!" मी म्हटलं आणि उरलेली जुडी पुढ्यात ओढली.

ताईच्या डॉक्टरबाईंनी एकदा तिला विचारलं, घरात आणखी कुणाला कॅन्सर झालाय का? ताईने मावशीचं सांगितलं, मग माझ्या थायरॉइडचं. थायरॉइड म्हटल्यावर बाई लिहायच्या थांबल्या. "पुढच्या वेळी सगळ्यांना घेऊन या. वडिलांनासुद्धा."

बाबा तर ठणठणीत. त्यांना कशाला, ते आम्हाला कळेना. तिथे गेलो तर बाईंनी शिंप्याकडे असते तशी टेप काढली आणि एकेकाच्या डोक्याचं माप घेतलं. माझं, ताईचं आणि बाबांचं डोकं चांगलंच मोठं भरलं. आईचं चारचौघांसारखं. मग बाईंनी टॉर्च लावून बाबांच्या हिरड्या बघितल्या, नाकाजवळचे बारीक फोड बघितले.

"टोपी बसते का हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"लग्नातसुद्धा बसली नव्हती," बाबा म्हणाले.

सगळे हसलो. मग बाईंनी शांतपणे समजावलं. एका जनुकात बिघाड असला तर थायरॉइड आणि स्तन, दोन्ही कॅन्सरचा धोका वाढतो. अशा माणसांचं डोकं बरेचदा मोठं असतं, हिरड्यांवर आणि चेहऱ्यावर असे बारीक फोड असतात. हा बिघाड आईकडून येऊ शकतो, तसाच वडिलांकडूनही. दुधातून मात्र येत नाही.

आमचं रक्त तपासणीला गेलं. रिपोर्ट यायला काही महिने लागले. आम्हा दोघी बहिणींत आणि बाबांत तोच बिघाड निघाला. आईत नाही.

रिपोर्ट घेऊन परतताना रिक्षात बाबा बाहेर बघत बसले होते. "म्हणजे माझ्याकडूनच गेलं पोरींना," ते म्हणाले.

आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही काय मुद्दाम दिलंत होय?"

त्या रात्री ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी फोन घेऊन बसली आणि माहेरचं नाव काढणाऱ्या एकेकाला, "अहो, रिपोर्ट आलाय बरं का," म्हणून सगळं सविस्तर सांगितलं. बाबा पेपरमागे तोंड लपवून हसत होते.

ताई बरी झाली. केस पुन्हा आले, तेही कुरळे. बाबांच्या थायरॉइडमध्ये एक छोटी गाठ सापडली, पण साधीच निघाली. माझ्या मॅमोग्राफीत अजून काही निघालेलं नाही. तपासणीला आम्ही तिघं एकदमच जातो. भीती वाटते, नाही असं नाही. पण कशावर लक्ष ठेवायचं ते आता माहीत आहे. ताई आणि मी आत असताना बाबा बाहेर बायकांच्या रांगेत एकटेच पुरुष म्हणून बसतात आणि शेजारच्या बाईंशी त्यांच्या त्या खास हिंदीत गप्पा मारतात. परतताना आम्ही ताईकडे उतरतो. आई सकाळीच तिथे जाऊन कोलंबीचं कालवण करून वाट बघत असते.