न आलेल्या साथीची रंगीत तालीम

फ्लूची पुढची मोठी साथ कधी येईल, कुणालाच ठाऊक नाही. पण तिच्या तयारीत आमच्या पथकाकडे किस्से इतके साठलेत की ती आलीच नाही तरी आमची काही तक्रार नाही! पथकात आहेर मॅडम माणसांच्या डॉक्टर, भामरे लस टोचणारे, आणि मी कोंबड्यांचा डॉक्टर.

देवळ्याला मॉक ड्रिल होतं. एका शेतकऱ्याला खोटा पेशंट केला. खोकत पडून राहायचं, एवढंच काम. सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली, आम्ही किटमध्ये घामाघूम, आणि खाट रिकामी!

त्याची बायको म्हणाली, "कांद्याचा लिलाव सुरू झाला ना, गेले ते!"

मॅडम म्हणाल्या, "लिहा, रुग्ण खडखडीत बरा!"

नामपूरकडे एका पोल्ट्रीवर नमुने घ्यायला गेलो. पांढरे किट बघून मालकाच्या आईनं विचारलं, "शूटिंग शे का?"

"नाही आजी, कोंबड्यांचे घसे तपासायचेत."

म्हातारी भडकली. "मना दात दुखस तं कोनी येत नही, आन् कोंबडीले डॉक्टर!"

फ्लूची लस आधी आम्हा कर्मचाऱ्यांनाच द्यायची होती. भामऱ्यांनी अर्ध्या तालुक्याची पोरं रडवलेली. स्वतःची पाळी आली तर डोळे मिटून असे "आई गंऽऽ" किंचाळले की बाहेरची रांगच पांगली.

मॅडम म्हणाल्या, "भामरे, मी अजून कापूसच लावतेय!"

पेठजवळच्या पाड्यावर मात्र गेलो तेव्हा कुणी हसत नव्हतं. एका म्हातारीच्या कोंबड्या पटापट मेल्या होत्या. बर्ड फ्लू निघाला तर आसपासच्याही सगळ्या माराव्या लागणार.

"आजी, एखादी उरलीय का?" मी विचारलं.

"नाय."

तेवढ्यात घरातून खणखणीत बांग!

"हे कोण?"

"नातू हाय माझा."

"मग त्याचा घसा बघायलाच हवा," मॅडम म्हणाल्या.

म्हातारी आत गेली आणि कोंबड्याला छातीशी धरून बाहेर आली. "मारू नका त्याला. एकलाच राहिलाय. रातभर माझ्याच गोधडीत होता."

मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. दोघांचेही नमुने घेतले. म्हातारीला औषध दिलं, घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं. रिपोर्ट येईपर्यंत मॅडमनासुद्धा विनोद सुचला नाही.

रिपोर्ट आले. मॅडमनी पाड्यावरच्या आशाताईंच्या फोनवर म्हातारीला बोलावून घेतलं.

"आजी, तुम्हाला काही झालेलं नाही! निगेटिव्ह!"

"माझं राहू दे, बाई. नातवाचं सांग!"