सात तुकड्यांची कादंबरी

आमच्या वाचनालयातल्या बाई पानाचा कोपरा दुमडणाऱ्याकडे अशा बघायच्या, की तो महिनाभर तोंड दाखवायचा नाही. त्याच बाईंनी एका सकाळी नव्याकोऱ्या कादंबरीवर पातं चालवलं.

कादंबरी खुनाची, जाडजूड. प्रत एकच, आणि जो तो तिच्यामागे हात धुऊन लागलेला. यादी त्र्याहत्तरावर गेली. लोक बाईंना भाजी घेतानाही गाठायचे. यादीत एक्केचाळिसावी त्यांची स्वतःची सासू.

"घरात ग्रंथपाल, आणि मी एक्केचाळिसावी! डॉक्टर म्हणतो, तीन-चार महिन्यांत अक्षर दिसायचं बंद होईल. माणशी पंधरा दिवस. मोज तूच."

"नंबर म्हणजे नंबर, आई."

"घाल तो नंबर चुलीत!"

बाईंनी रांग मोडली नाही, पुस्तक मोडलं. सात भाग केले, प्रत्येकाला जाड दोऱ्याची शिवण आणि पुठ्ठ्याचं कव्हर. भाग दोन दिवसांत वाचायचा, मागच्याला द्यायचा, आपण पुढला घ्यायचा. बेकरीवाला चौथ्या भागावर रेंगाळला, तर शिंपीणबाई त्याच्या दुकानात ठाण मांडून बसल्या. "पाव राहू देत, तू आधी वाच!"

वाचनालयाचे अध्यक्ष तणतणत आले. "पुस्तकाची खांडोळी? नोकरीवरून काढीन!"

"काढा. पण तुमचा नंबर बेचाळिसावा. वाचून झाल्यावर काढा."

अध्यक्ष आल्या पावली परतले.

सासूबाईंनी सहा भाग भिंग लावून संपवले. सातवा हातात आला, तेव्हा ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या. दोन दिवस गेले, भाग काही पुढे सरकेना. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष दारात.

"काकू, माझा भाग?"

"दिसत नाही रे बाबा. पण खुनी कोण ते कळल्याशिवाय देणारही नाही."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खुर्ची खिडकीजवळ ओढून दिली. अध्यक्ष बसले, चष्मा पुसला आणि वाचायला लागले.

"थांब! काहीतरी गाळलंस."

"पावसाचं वर्णन आहे हो, काकू."

"माझ्या वाट्याचं आहे ते. वाच."

अध्यक्ष मुकाट पान मागे उलटून वाचू लागले. तेवढ्यात बाहेरच्या पायरीवरून त्रेचाळिसाव्या नंबराचा आवाज आला, "जरा मोठ्यानं वाचा की हो!"