परदेशी कोण निघालं

चष्म्याचं दुकान बंद करून बाबा घरी आले, जेवायला बसले आणि त्यांनी मुलीला विचारलं, "मग, ठरला का विषय?"

गेले काही महिने मायलेकी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसत. परदेशात एम.ए. करायचं तर इतिहास घ्यावा की समाजशास्त्र, विद्यापीठ कुठलं बरं, यावर त्यांचा खल चालायचा.

"समाजशास्त्र," मुलगी म्हणाली. "प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. पण मला नाही, आईला. मी इथेच नोकरी धरतेय."

बाबांचा घास हातातच राहिला. बालवाडीत शिकवून पन्नाशीला टेकलेली त्यांची बायको मान खाली घालून ताटाकडे बघत होती.

"थट्टा करताय का माझी?"

"नाही हो. हिच्यासाठी वाचता वाचता माझाच जीव त्यात गुंतला."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. दोनदा. तुम्ही 'हं' म्हणालात."

बाबांना तो 'हं' काही केल्या आठवेना, आणि त्यानंच ते जास्त हादरले. संसारात असे आणखी कशाकशाला आपण 'हं' म्हणून बसलो, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी एकाचा चष्मा दुसऱ्याच्या हाती दिला. संध्याकाळी टीव्ही बंद करून ते बायकोसमोर बसले.

"सांग, काय शिकणार आहेस तू तिकडे?"

ती भरभरून बोलत राहिली. निम्मं त्यांच्या डोक्यावरून गेलं. ही इतकं बोलते, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

तिला विमानतळावर सोडून परतताना मुलीनं विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?"

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून माझा विश्वास बसायचाय."