आडनावाच्या जागी एक रेघ

माझी लेक वेनिंग वेबसाइटना मुद्दाम दमवते. तेच तिचं काम. इंडोनेशियात, सुराबायातल्या एका जहाज कंपनीत ती आहे. ईदला गावी जाणाऱ्यांची तिकिटं विक्रीला निघायच्या आधी ती खोटे प्रवासी बनवते, हजारोंनी वेबसाइटवर सोडते आणि ती कुठे धापा टाकते ते बघते. कुणी विचारलं तर मी सांगते, नवा पूल खुला करण्याआधी त्यावर वाळूने भरलेले ट्रक उभे करतात ना, तसंच.

गेल्या वर्षी तिने "पूल मजबूत आहे" म्हणून सांगितलं आणि विक्रीच्या सकाळीच वेबसाइट आडवी झाली. माणसं पोराबाळांसकट तिकिटाविना बंदरावर चटया टाकून बसली. कित्येकांची ईद तिथेच गेली. गर्दी अंदाजापेक्षा जास्त होती, असं ठरवून कंपनीने आणखी सर्व्हर घेतले. पण दोषाचं बोट वेनिंगकडेच राहिलं. तेव्हापासून तिच्या जेवणात लक्ष नाही, आणि माझं तिच्यावरून हटत नाही.

यंदा वेबसाइट तग धरेल का, याचं आज संध्याकाळपर्यंत तिला "हो" किंवा "नाही" सांगायचं होतं. उद्या विक्री.

"मगरिबच्या अजानच्या आत सांग," तिचे साहेब पाक गुनादी फोनच्या स्पीकरवर म्हणाले; पाक म्हणजे आमच्याकडचं "राव". "आणि वेनिंग, पुन्हा तसं झालं तर मी तुला पाठीशी घालू शकणार नाही."

रमजानमुळे ती घरूनच काम करत होती. तिच्या हाताखालचा जात्मिको, जो तिला म्बाक म्हणजे ताई म्हणतो, लॅपटॉप घेऊन आमच्याकडेच आला होता. मी उपास सोडायच्या कोलाक खिरीसाठी केळी चिरत होते आणि कान बाहेरच्या खोलीत होते.

कालची चाचणी उत्तम झाली होती. पण कालचे प्रवासी संगणकाने रचलेले होते. आज वेनिंगने गेल्या वर्षीच्या खऱ्या प्रवाशांची नावं घेतली. गर्दी कालच्या निम्म्यावरही गेली नाही तोच पानं उघडेनाशी झाली.

"म्बाक, उपास आपल्याला आहे," जात्मिको म्हणाला. "हा सर्व्हर का निपचित पडलाय? बघा ना, पाव ताकदसुद्धा लावत नाहीये."

"तो पडलेला नाही. वाट बघतोय."

"कुणाची? अजानची?"

वेनिंग हसली नाही. जात्मिकोने आणखी दोन सर्व्हर जोडून पाहिले. पानं अधिकच रेंगाळली.

"राहू दे," ती म्हणाली. "विहिरीला रहाट एकच आहे. तू नुसत्या घागरी वाढवतोयस."

सर्व्हर हात बांधून उभे होते ते मागच्या माहितीसाठ्यापाशी, हे तिला दिसलं. तिथे सगळे एकाच प्रश्नावर अडकले होते : या प्रवाशाचं तिकीट आधीच निघालंय का? हा शोध आडनावावरून चालायचा. काल हाच शोध पापणी लवायच्या आत होत होता, मग आज काय झालं?

पाक गुनादींचा पुन्हा फोन आला. "काय सांगू वर?"

"थोडं थांबा, पाक."

"किती थोडं?"

तिने फोन बाजूला ठेवला. प्रवाशांचे दोन गट केले आणि एकेक गट सोडला. दोन नावं असलेले सगळे झपझप पार झाले. एकच नाव असलेले जिथल्या तिथे. कालच्या रचलेल्या प्रवाशांत सगळ्यांना आडनावं होती.

आमच्या जावा बेटावर पुष्कळांना एकच नाव असतं. मी नुसती सुदार्मी. दोन वर्षांपूर्वी मावशीकडे बालिकपापानला जायला मी तिकीट काढायला बसले, तर ते पान आडनाव मागत राहिलं आणि पुढे जाईना. मी वैतागून म्हटलं होतं, या जहाजाला माझी लाज वाटते की काय. वेनिंगने दुसऱ्याच दिवशी कार्यालयात सांगून सोय करून घेतली : ज्याला आडनाव नाही त्याच्या जागी आपोआप एक आडवी रेघ पडेल.

आणि आता अशा सगळ्यांचं आडनाव एकच झालं होतं. माझ्यासारख्या एकेकीला शोधायला साठ्याला रेघेखालची हजारो माणसं दर वेळी चाळावी लागत होती.

"ही रेघ कुठल्या शहाण्याने घातली?" जात्मिको म्हणाला.

"मी."

तो खाली बघू लागला. माझ्या हातातली सुरी थांबली. मला वाटलं, ती आता गप्प बसेल. मी असते तर बसले असते. तिने फोन लावला.

"पाक, गेल्या वर्षी गर्दीमुळे नाही झालं. माझ्या सुचवण्यामुळे झालं." तिने सगळं सांगितलं.



"दुरुस्त होईल?" पाक गुनादींनी विचारलं.

"शोध ओळखपत्राच्या क्रमांकावरून करायचा. बदल लहान आहे. पण पुन्हा पूर्ण गर्दी सोडून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"मगरिब होईल."

"होऊ दे."

बदल करून तिने चाचणी सुरू केली, तोवर अजान झाली. जात्मिकोने खजूर तोंडात टाकला. वेनिंगच्या पुढ्यातला चहा तसाच होता. पडद्यावर गर्दीची रेषा चढत होती, आणि तिच्याखालची, वाट बघण्याची, सपाट होती. मी तीन वेळा "पाणी तरी पी" म्हटलं.

गर्दी गेल्या वर्षीच्या दुपटीला गेली. खालची रेषा हलली नाही.

"इबू, इकडे या," वेनिंग मला, तिच्या आईला, म्हणाली. "इथे बसा. तुमचं तिकीट काढा."

"मला कुठे जायचंय?"

"काढा तर."

मी नाव लिहिलं. आडनावाची जागा रिकामी सोडली, तशी तिथे रेघ पडली. बटण दाबलं. बोट उचलायच्या आत तिकीट समोर होतं.

ती पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने कप उचलला, गार चहाचा एक घोट घेतला आणि पाक गुनादींना कळवलं, हो. खाली लिहिलं, गेल्या वर्षीची चूक माझी, हे वरही कळवावं.

उत्तर आलं : "ते उद्यानंतर. आधी जेव."

आता ती झोपली आहे. उद्या आठ वाजता विक्री सुरू होईल. मला झोप नाही, म्हणून हे लिहीत बसले आहे.